चतुर्थीची सावली

नीलवेणी जहाजाने माहेलू बेटासमोर नांगर टाकला, तेव्हा वृंदाताई टिपणीस केव्हाच तयार होऊन बसल्या होत्या. पोहण्याचे कपडे आतून घातलेले, वरून साधा पंजाबी ड्रेस, पायांत कापडी बूट. पिशवीत टॉवेल, टोपी आणि आदल्या रात्रीच्या जेवणातून बाजूला ठेवलेली दोन केळी. पंचाहत्तरीला आलेली बाई शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी वागते आहे, हे त्यांना कळत होतं. पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

हिंदी महासागराला वळसा घालणारा हा लांबचा प्रवास. आतापर्यंतच्या बंदरांत धक्के होते, बाजार होते, देवळं नि किल्ले होते. पाण्यात उतरण्यासारखी जागा पहिल्यांदाच आली होती. माहेलूच्या भोवती प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतल्या बाजूला पाणी एखाद्या तळ्यासारखं निवांत पडून असतं. वृंदाताई वाईजवळच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याच्या तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून पोहायला शिकल्या होत्या. लग्नानंतर विहीर सुटली. पण समुद्रात एकदा पोहायचं, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीसाठी खालच्या मजल्यावर रांग लागली होती. दारापाशी प्रत्येकाने हातातली अंगठी खांबाला टेकवायची, वर हिरवा दिवा लागला की पुढे जायचं. पुढे उभ्या असलेल्या नलूताई घोरपड्यांना हिरवा दिवा लागला. वृंदाताईंनी अंगठी टेकवली आणि दिवा लाल झाला.

त्यांनी अंगठी ड्रेसला पुसून पुन्हा टेकवली. दिवा पुन्हा लालच.

दारावरचे डॉक्टर परेरा पुढे आले. मडगावचा गडी, चाळिशीतला, बोलायला मऊ. त्यांनी वृंदाताईंना रांगेतून बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "मॅडम, काल रात्री तुमची सावली पडली."

त्या काळात 'सावली' शब्द ऐकून कुणी दचकत नसे. ज्याची त्याची सावली असे. महिन्यातून एकदा माणूस मापनाच्या कोठडीत जाऊन उभा राही. तिथे त्याचं हृदय, फुप्फुसं, रक्ताची घनता, हाडं, स्नायू, अंगातलं पाणी, सगळं मोजलं जाई. त्या मापांवरून यंत्र त्या माणसाचा आकड्यांचा एक पुतळा तयार करी. हा पुतळा म्हणजे सावली. फरक इतकाच की साधी सावली माणसाच्या मागे येते आणि ही पुढे चाले. तुम्ही झोपेत असताना तुमची सावली उद्याचा दिवस हजारो वेळा जगून घेई. कधी उन्हात, कधी ढगाळ हवेत, कधी जिना चढून, कधी न चढता. त्यातल्या किती वेळा ती धडधाकट संध्याकाळपर्यंत पोचली आणि किती वेळा वाटेत कोसळली, त्यावरून सकाळी दिवा ठरे. बोटातली अंगठी दिवसभर नाडी नि घाम मोजून सावलीत बारीकसारीक दुरुस्त्या करी. पण पाया महिन्याच्या मापनाचा. अंगठीचं काम नुसत्या रंगरंगोटीचं.

सावल्यांनी पुष्कळांचे जीव वाचवले होते, हे वृंदाताईही नाकारत नसत. जहाजावर त्यांच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांना छातीत काही दुखायच्या आधीच उचलून शस्त्रक्रियेला नेलं होतं. वृंदाताईंची सावली मात्र पहिल्या महिन्यापासून पिवळी होती आणि दर मापनाला पिवळ्याचा रंग गडद होत गेला होता. आज तिने लाल गाठला.

"किती वेळा पडली?" वृंदाताईंनी विचारलं.

"दहातून चार वेळा. पाण्यातच. बहुतेक वेळा किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर."

नलूताई होडीत चढायच्या थांबून परत आल्या. त्या कोल्हापूरच्या, वृंदाताईंपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, जेवणाच्या टेबलावरची शेजारीण. गुडघे गेलेले, तूप सुटलेलं नाही. दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं होतं.

"काय हो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी जिना उतरले तरी धापा टाकते, अन् माझी सावली हिरवीगार. ही रोज सकाळी डेकला वीस फेऱ्या मारती, तिला लाल. तुमचं यंत्र तोंड बघून टिळा लावतंय व्हय?"

डॉक्टर ओशाळं हसले. यंत्र कुणाचं तोंड बघत नाही, इतकंच म्हणाले. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सत्तरीपुढच्या प्रवाशाची सावली लाल झाली की त्याने नेमलेल्या जबाबदार माणसाला कळवावं लागतं, आणि मग त्या माणसाचा शब्द शेवटचा. वृंदाताईंनी मुलीला, गार्गीला नेमलं होतं. गार्गीला पहाटेच कळलं होतं आणि तिचं उत्तरही आलं होतं. माहेलूवरून संध्याकाळी एक विमान सुटतं. आईला त्यात बसवून द्या. पुढचा प्रवास रद्द.

म्हणजे वृंदाताईंना बेटावर उतरायची परवानगी होती, ती फक्त सामान घेऊन.

*

गार्गी पुण्याला होती, हवामानाच्या अंदाजाचं काम करत असे. चक्रीवादळ कुठे वळेल हे चार दिवस आधी सांगणाऱ्या माणसांपैकी ती एक. आईला ती रोज सकाळी फोन करी, पण हल्ली त्या फोनचं स्वरूप विचित्र झालं होतं. आईची सावली तिच्याही फोनवर दिसे. त्यामुळे फोन उचलला की गार्गीच सांगे, काल तुला झोप कमी लागली, आज दुपारी डोकं जड होईल, संध्याकाळी जिना टाळ. वृंदाताई 'बरं' म्हणत. डोकं जड झालं नाही तर ते सांगायलाही पुन्हा फोन करत नसत. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं होतं, की मुलगी रोज बोलते ती आपल्याशी नाही. आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाशी तरी बोलून झालं, की ती निरोप तेवढा आपल्याला देते.

त्यामागचं कारणही त्यांना ठाऊक होतं. गार्गीचे बाबा गेले त्या सकाळी तिने त्यांना फोनवर विचारलं होतं, कसे आहात. ते म्हणाले होते, ठीक आहे गं, ठणठणीत आहे. दुपारी ते गेले. तेव्हापासून 'ठीक आहे' या दोन शब्दांवरचा तिचा विश्वास उडाला होता. सावल्या आल्या तेव्हा, बुडत्याने फळीला धरावं तसं तिने त्यांना धरलं.

म्हणून वृंदाताईंना राग येत नव्हता. पण आज विमानात बसलो तर पुन्हा घराचं दार आपल्या मर्जीने उघडायचं नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. लाल सावलीच्या माणसाला घरी एकटं राहू देत नाहीत. त्याला देखरेखीच्या निवासात नेतात, प्रेमाने नेतात, आणि तिथून तो बाहेर पडत नाही. कारण बाहेर पडायला हिरवी सावली लागते. आणि खुर्चीत बसवून ठेवलेल्या माणसाची सावली हिरवी कशी होणार?

पहिल्या होड्या निघून गेल्या. वृंदाताई डॉक्टरांच्या खोलीत बसल्या होत्या. नलूताईही होडी सोडून त्यांच्याबरोबर आल्या होत्या. वाळूत बसून एकटीने काय खेकडे मोजू, म्हणाल्या.

"डॉक्टर, मला ती बघायचीय," वृंदाताई म्हणाल्या.

"कोण?"

"सावली. इतके महिने ती माझ्या नावावर जगतेय. एकदा तोंड तर बघू."

प्रवाशांना सहसा कुणी हे दाखवत नसे. स्वतःला पडताना बघणं चांगलं नाही, असा संकेत होता. डॉक्टरांनी थोडी का कू केली, मग भिंतीवरचा पडदा लावला.

पडद्यावर राखाडी रंगाची एक बाई किनाऱ्यावरून चालत होती. चेहरा ओबडधोबड, पण चाल वृंदाताईंची, खांदे वृंदाताईंचे. नलूताई पुटपुटल्या, "अगं बया." ती बाई चार पावलं चालली की थांबे. डावा हात कमरेवर ठेवी. जीभ ओठांवरून फिरवी. मग मान वर करून आकाशाकडे बघावं तशी मागे झुके, कारण पाठीतली ताकद संपली की माणूस तसा झुकतो, असं डॉक्टर समजावत होते. त्यांच्या आवाजात खरोखरची कणव होती.

वृंदाताई खुर्चीतून पुढे सरकल्या. त्या बाईला त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. आरशात नव्हे. तो कमरेवरचा हात, ते सुकलेले ओठ, ते झुकणं, हे सगळं आतून ओळखीचं होतं. घराच्या गच्चीवर, कठड्याशी, ढग केव्हा सरकतात याची वाट बघत.

"अहो, ही मी नाही," त्या म्हणाल्या. मग स्वतःच थबकल्या आणि हसल्या. "म्हणजे मीच आहे. चतुर्थीची."

डॉक्टरांना काही उमगलं नाही. नलूताईंना मात्र लगेच उमगलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

गोष्ट अशी होती. मापनाच्या कोठडीत जायचं तर पोट आठ तास रिकामं लागतं. दिवस ज्याचा त्याने आपल्या सोयीने निवडायचा. वृंदाताई पस्तीस वर्षं संकष्टी करत आल्या होत्या, तीही कडक, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. महिन्यातून एकदा उपाशी राहायचंच आहे, तर त्याच दिवशी मापन उरकून टाकावं, एका उपासात दोन कामं होतील, असा सरळ हिशेब त्यांनी केला होता. सकाळी कोठडीपाशी गर्दी असे, म्हणून त्या संध्याकाळी जात. आणि जहाजावर चंद्रोदयाची छापील वेळ चालत नाही, चंद्र डोळ्यांनी दिसावा लागतो. म्हणून चतुर्थी असेल त्या दिवशी त्या उन्हं उतरल्यापासून, घरी होत्या तेव्हा गच्चीवर आणि इथे डेकवर, उभ्याच असत. तशाच कोरड्या घशाने आणि दुखत्या पायांनी मधेच जाऊन मापन देऊन येत.

"आठ तास झाले का, एवढंच कोठडी विचारते," वृंदाताई म्हणाल्या. "झाले, असं मी खरं तेच सांगितलं. वीस तास झालेत हे तिने विचारलं नाही."

डॉक्टर परेरांनी मापनाचे दिवस आणि चंद्राच्या कला शेजारी शेजारी लावून पाहिल्या, आणि मान हलवली. दर महिन्याला यंत्राला तीच सुकलेली, दमलेली बाई भेटत होती. एकदा भेटली असती तर त्याने अपवाद म्हणून सोडून दिली असती. पण ती दर वेळी नेमाने येत राहिली, म्हणून यंत्राची खात्री वाढत गेली. मधल्या दिवसांत अंगठीने चांगले आकडे पाठवले, तेव्हा यंत्राने ते तिच्या रोजच्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावावर जमा केले. सावलीच्या जगात वर्षाचे सगळे दिवस चतुर्थीचे होते आणि चंद्र कधी उगवतच नव्हता.

"आता हिला दुरुस्त करा," नलूताई म्हणाल्या.

ते इतकं सोपं नव्हतं. मापन नव्याने केलं तरी यंत्र एका दिवसाच्या मापाला जुन्या मापांपेक्षा जास्त वजन देत नाही. त्याला पुरावा लागतो. माणूस खाऊनपिऊन हिंडतो, दमतो, सावरतो असा एक पुरा दिवस अंगठीने मोजला पाहिजे. आणि तसा दिवस जहाजावरच्या खुर्चीत मिळत नाही.

"म्हणजे मी पोहून आले पाहिजे," वृंदाताई म्हणाल्या.

"हो. पण त्याला तुमच्या मुलीची परवानगी पाहिजे."

*

गार्गीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. डॉक्टरांनी आपली बाजू सांगितली, मग फोन वृंदाताईंकडे दिला. पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू येत होती. ती आकडे बघत असणार, हे वृंदाताईंनी ओळखलं.

"सुरुवातीचं माप चुकलं की पुढचा सगळा अंदाज चुकतो," गार्गी अखेर म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता. "हे मी रोज दुसऱ्यांना शिकवते."

"मग अंदाज चुकतोय असं वाटलं की तुम्ही काय करता?"

"निरीक्षण मागवतो. माणूस पाठवतो."

"हे बघ, मी जायला तयार आहे."

गार्गी हसली नाही. "आई, डॉक्टरांचं चुकत असलं तर? आणि तू मला 'मी ठीक आहे' असं सांगू नकोस. बाबाही तेच म्हणाले होते."

हे दोघींमध्ये आजवर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

"नाही सांगत," त्या म्हणाल्या. "बाबा गेले त्यात तुझं काही चुकलं नव्हतं, गार्गी. तू विचारलंस, आणि त्यांनी तुला काळजी नको म्हणून लपवलं. मी लपवणार नाही, एवढं वचन देते. पण तू मला विचारलं पाहिजेस. गेलं वर्षभर तू रोज तिला विचारतेस. मला एकदाही विचारलं नाहीस, आई, कशी आहेस."

मग गार्गी म्हणाली की विमानातली जागा ती सोडणार नाही. संध्याकाळपर्यंत आकडे बघेल. डॉक्टरांनी किनाऱ्यावर सोबत राहायचं. आणि एका लाल इशाऱ्याला पाण्याबाहेर.

"चालेल," वृंदाताई म्हणाल्या, आणि दोन केळ्यांतलं एक तिथेच सोलून खाल्लं.

*

माहेलूची वाळू इतकी पांढरी होती, की नलूताईंना ती रव्यासारखी दिसली; शिरा करावा, म्हणाल्या. किनाऱ्यावर नारळीच्या झावळ्यांची छपरं होती. एक बेटवाली बाई कोयत्याने शहाळी फोडून देत होती. पाणी कडेला काचेसारखं, आत फिकट हिरवं, आणि दूर, जिथे भिंत होती तिथे, पांढऱ्या फेसाची एक रेघ. मधोमध लाकडी तराफा नांगरून ठेवला होता. बेटावरची पोरं त्यावरून उड्या मारत होती.

वृंदाताई पूर्ण शहाळं प्यायल्या, मलईसकट. छपराखाली बसून घेतलं. मग टोपी नलूताईंच्या डोक्यावर ठेवली आणि पाण्यात पाय टाकला.

पाणी कोमट होतं. विहिरीचं पाणी ऐन उन्हाळ्यातही अंगावर काटा आणी; हे तसं नव्हतं. आणि ते खारं आहे, माणसाला आपण होऊन उचलून धरतं, हे पुस्तकात वाचून ठाऊक असलं तरी अंगाला ते नवीन होतं. छातीइतक्या पाण्यात पोचल्यावर त्यांनी तळ सोडला. हातांना सगळं आठवत होतं. पाय थोडे विसरले होते, तेही दोनचार झटक्यांत ताळ्यावर आले.

किनाऱ्यावर डॉक्टर परेरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. जहाजाच्या डॉक्टरांना पोहता येत नाही, ही बातमी नलूताईंनी एव्हाना त्यांच्याकडून काढून घेतली होती. मग तुम्ही सोबत म्हणजे शोभेला, असंही त्यांना ऐकवून झालं होतं.

तराफ्याच्या अर्ध्या वाटेवर वृंदाताईंची छाती धडधडायला लागली. खाली बघितलं तर तळ दिसत होता, पण फार खोल. मागे किनारा लांब, पुढे तराफाही लांब. आणि मग नको तोच विचार आला: सावली इथेच पडली होती. दहातून चार वेळा. चतुर्थीचं सगळं खरं असेल, पण पंचाहत्तरीही खरीच आहे. बोटातली अंगठी हलकेच थरथरली, लाल इशाऱ्याच्या आधीची सूचना. तिकडे पुण्यातही काहीतरी थरथरलं असणार.

हात जड झाले. एक घोट खारं पाणी नाकात गेलं.

तेव्हा त्यांना विहिरीच्या काठावर बसलेला तात्यामामा आठवला. बिंडा सोडायच्या दिवशी, दहा वर्षांची वृंदा हातपाय झाडत ओरडत होती, तेव्हा तो वरून शांतपणे म्हणाला होता, पाण्याशी भांडू नकोस गं, त्याच्यावर निज. वृंदाताई पाठीवर वळल्या. हात पसरले. कान पाण्यात बुडले आणि जग गप्प झालं. वर आभाळ होतं, भरदुपारचं, निळं, आणि त्याच्या कडेला विसरून राहिल्यासारखा फिकट अर्धा चंद्र. पस्तीस वर्षं त्या ज्याची वाट बघत उभ्या राहिल्या, तो आज न बोलावता आला होता.

श्वास हळूहळू खाली आला. मोजूनमापून नव्हे, आपसूक. धडधड थांबली नाही, पण तिची भीती गेली. पळाल्यावर छाती धडधडणारच. अंगठी पुन्हा थरथरली आणि शांत झाली. किनाऱ्यावरून डॉक्टर काहीतरी ओरडत होते. वृंदाताईंनी पाण्यातून एक हात वर करून हलवला, पालथ्या झाल्या आणि उरलेलं अंतर सावकाश, एकसारख्या हातांनी कापलं.

तराफ्याच्या ओल्या लाकडाला हात लागला, तेव्हा पोरांनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं. त्यांची भाषा वृंदाताईंना येत नव्हती. पण पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकाने तराफ्याच्या कडेकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. त्याचा अर्थ कोणत्याही विहिरीवर एकच असतो.

वृंदाताई उठून उभ्या राहिल्या. किनाऱ्याकडे पाहिलं. मग नाक धरलं, गुडघे पोटाशी घेतले आणि मुटका मारला.

पाणी उसळलं ते किनाऱ्यावरून दिसलं. नलूताईंनी टोपी हवेत फेकली, आणि ती डॉक्टरांना पाण्यात शिरून आणावी लागली.

*

त्या दिवशी त्या दोनदा तराफ्यापर्यंत गेल्या. दुसऱ्या खेपेला वाटेत निजावं लागलं नाही. दुपारी वाळूवरून लांब चालून आल्या, झावळ्यांखाली घटकाभर डुलकी काढली. अंगठी सगळं मोजत होती. दमणं मोजत होती, आणि यंत्राने आजवर न पाहिलेली गोष्ट मोजत होती: दमल्यानंतरचं सावरणं. उन्हं कलली तसे डॉक्टर परेरा आपल्या फोनकडे वारंवार बघायला लागले. लाल पिवळं झालं होतं. मग पिवळं फिकटत गेलं. ते जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "काकू, ती आता चालतेय. थांबत नाही." सकाळच्या मॅडमची काकू केव्हा झाली, ते दोघांनाही कळलं नाही.

परतीची होडी जहाजाला लागली. वृंदाताईंनी खांबाला अंगठी टेकवली. दिवा हिरवा लागला. मागून नलूताई म्हणाल्या, आता संकष्टीला मापन केलंस तर मीच तुला समुद्रात ढकलीन. वृंदाताईंनी सांगितलं की संकष्टी सोडणार नाही, मापन चतुर्दशीला.

त्या डेकवर आल्या तेव्हा बेटाच्या डोंगरामागून विमान वर चढलं. डोक्यावरून गेलं, वळलं आणि उत्तरेकडे लहान होत गेलं. त्यात एक खुर्ची रिकामी होती.

फोन वाजला. गार्गीच्या मागे दिवे लागलेले दिसत होते. ती अजून कचेरीतच होती. समोरच्या पडद्यावर आकडे असणारच, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती सरळ आईकडे बघत होती. केस ओले, नाक उन्हाने लाल झालेलं, मानेवर वाळू.

"आई," ती म्हणाली, "कशी आहेस?"

वृंदाताईंनी खरंच विचार केला. खांदे दुखत होते, डोळे चुरचुरत होते, कानात अजून पाणी होतं. वचन दिलं होतं, म्हणून त्यांनी नीट तपासून पाहिलं, आणि आत जे सगळ्यात खरं होतं ते सांगितलं.

"भूक लागलीय गं," त्या म्हणाल्या. "सपाटून भूक लागलीय."